शिडी आधी, विमान नंतर

श्रोतेहो, नमस्कार. घरात तीन लिटरचा कुकर जाऊन पाच लिटरचा आला, की जुनी रिंग त्याला बसत नाही आणि जुने डबेही आत खुळखुळतात. लहान विमान कंपनी मोठं जेट आणते तेव्हा नेमकं हेच होतं.

वीसेक वर्षांपूर्वी मी एका छोट्या विमानतळावर, एका छोट्या कंपनीत कामाला होतो. आमच्याकडे एटीआर यायचं. पंख्याचं विमान, पन्नासेक माणसांचं. त्याच्या पायऱ्या त्याच्या दारातच असतात, दार उघडलं की खाली येतात. त्यामुळे आमच्याकडे शिडी नव्हती. कधी लागलीच नव्हती!

मग ठरलं, १८० आसनांचं जेट आणायचं. नवी शिडी ट्रकवर निघाली आणि ट्रक घाटात बंद पडला. विमान मात्र वेळेवर उतरलं. ताशा वाजला, हार तयार, दार उघडलं. आणि जमीन दोन पुरुष खाली!

दाराला पट्टा लावला. त्या पट्ट्यामागे नऊवारीतल्या एक आजी येऊन उभ्या राहिल्या. आमच्याच एका लोडरची आजी. पोरानं पहिल्या पगारातून साठवून तिकीट काढलं होतं. तो खाली उभा, हात जोडून. आजी वरून म्हणाल्या, "बाळा, तू सामान उतरवतोस ना? मग मला उतरव की!"

सगळे हसले. तो नाही हसला. सव्वा तासानं ट्रक आला, तेव्हा शिडी ढकलायला सगळ्यांत पुढे तोच होता. आजींचा हात धरून त्यानं एकेक पायरी उतरवली. नंतर विमान मागे ढकलायची वेळ आली, तर आमचा टो-बार, म्हणजे विमानाच्या पुढच्या चाकाला लावून ते ढकलायचा दांडा, त्या नाकाला बसेना. प्रत्येक जातीच्या विमानाला वेगळा टो-बार लागतो, श्रोतेहो, वेगळा. संध्याकाळ झाली.

त्या सव्वा तासात सगळ्या घोषणा फक्त इंग्रजीत झाल्या, हे मला आजही खुपतं. जिल्ह्याच्या विमानतळावर पहिली घोषणा मराठीतच हवी, आणि ती स्वच्छ ऐकू येणारी हवी. एसटी स्टँडवर जमतं, मग इथे का नाही?

असो. शिडी ही डोळ्यांना दिसणारी गोष्ट. न दिसणाऱ्या पुष्कळ. एटीआरचा वैमानिक सिम्युलेटरवर नव्या विमानाचं वेगळं शिक्षण घेतल्याशिवाय जेट उडवू शकत नाही. विमानाची लांबी वाढली की विमानतळावरच्या अग्निशमन दलाची श्रेणी वाढवावी लागते. ५० आसनांना केबिनमध्ये एक कर्मचारी पुरतो, ५१वं आसन लावलं की दुसरा लागतो.

म्हणून कोल्हापूरच्या संजय घोडावत समूहाच्या स्टार एअरची चाल मला पटते. २०१९ साली ५० आसनांच्या एम्ब्रेअर जेटनं सुरुवात केली, २०२३ साली ७६ आसनांचं एम्ब्रेअर ई-१७५ घेतलं. एकदम १८० वर उडी नाही. ७६ का? आपल्याकडे देशांतर्गत नियमित सेवेतल्या ८० पेक्षा कमी आसनांच्या विमानांना लँडिंग शुल्काची माफी मिळत आली आहे. पुन्हा सांगतो, ८० पेक्षा कमी. पन्नासावरून पुढे गेले, आणि तरी त्या रेषेच्या आत राहिले.