आधी स्टेजवर चढल्या, वाजवायला मग शिकल्या

(महिला दिनानिमित्त लंडनमध्ये झालेल्या मंडळाच्या मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

सगळ्या काकू, मावश्या, वहिनी, मैत्रिणी आणि मागच्या रांगेत बसलेल्या आमच्या लेकींना नमस्कार.

आज कुणावर बोलणार असं विचारलं, तेव्हा मी पंक या रांगड्या, बंडखोर रॉक संगीतातली गायिका पॉली स्टायरीन हिचं नाव दिलं. कार्यकारिणीतल्या बऱ्याच जणींनी ते पहिल्यांदाच ऐकलं, म्हणून मुळापासून सांगते.

तिचं खरं नाव मॅरिअन इलियट-सईद. जन्म १९५७ चा, ब्रॉमलीतला. वडील सोमालियाचे, आई गोरी, वकिलाच्या कचेरीत नोकरी करणारी. वर्णानं ना धड इकडची ना तिकडची, असं ऐकत वाढलेली ही मुलगी ३ जुलै १९७६ ला, नेमकं आपल्या एकोणिसाव्या वाढदिवशी, हेस्टिंग्ज या किनाऱ्यावरच्या गावी, समुद्रात गेलेल्या धक्क्यावर (पिअरवर) सेक्स पिस्टल्स नावाच्या बँडला ऐकायला गेली. तेव्हा त्या पोरांना फारसं कुणी ओळखत नव्हतं. वाजवणंही कच्चंच होतं. ते ऐकून तिला वाटलं, एवढं तर मलाही जमेल. तिनं संगीताच्या साप्ताहिकात जाहिरात देऊन साथीदार जमवले आणि 'एक्स-रे स्पेक्स' हा तिचा बँड उभा राहिला.

ती स्टेजवर यायची तेव्हा दातांना तारा असायच्या. कपडे भडक, प्लॅस्टिकचे, कधी डोक्यावर सैनिकाचं हेल्मेट. शेजारी सॅक्सोफोन वाजवायला लोरा लॉजिक नावाची शाळकरी वयाची मुलगी. १९७७ मध्ये त्यांचं पहिलं गाणं आलं. त्याच्या सुरुवातीला पॉली अगदी बारीक, शहाण्या मुलीच्या आवाजात सांगते की काही लोकांच्या मते मुलींनी दिसावं, पण त्यांचा आवाज ऐकू येऊ नये. आणि पुढच्याच क्षणी अशी किंचाळते की अंगावर काटा येतो. त्या किंकाळीत सूर शोधू नका. ती कुणाला आवडावी म्हणून मारलेलीच नाही. मी ती शेकडो वेळा ऐकली असेल, अजूनही ऐकताना माझी पाठ ताठ होते.

तिच्या गाण्यांत विरहिणी फारशा भेटत नाहीत. सुपरमार्केट आहे, जाहिराती आहेत, प्लॅस्टिक आहे, आरशात स्वतःला शोधणारी मुलगी आहे. मला कुणी सेक्स सिम्बॉल बनवायला निघालं तर मी डोकं भादरून टाकीन, असं ती म्हणाली होती. तिनं ते खरोखर केलं.

याच लंडनमध्ये १९७६ साली 'द स्लिट्स' हा बायकांचा बँड निघाला. नाव चारचौघांत घेण्यासारखं नाही हे मला ठाऊक आहे, ते त्यांनी मुद्दामच ठेवलं. गाणारी ॲरी अप चौदा वर्षांची, जर्मनीत जन्मलेली. ड्रम वाजवणारी पामोलिव्ह स्पेनहून आलेली. लवकरच गिटारवर आलेल्या व्हिव्ह ॲल्बर्टाइननं आजीनं मागे ठेवलेल्या २०० पौंडांतून गिटार घेतली, तेव्हा तिला एक सूरही वाजवता येत नव्हता. मार्च १९७७ मध्ये हार्लेस्डनला त्यांचा पहिला कार्यक्रम झाला, तेव्हा टेसा पॉलिटनं बास गिटार हातात घेऊन जेमतेम काही आठवडे झाले होते. पुढे दौऱ्यावर गेल्या, तर हॉटेलवाले बाहेर काढायचे आणि बसचा ड्रायव्हर आत घ्यायला तयार नसायचा, त्याला पैसे चारावे लागायचे. ॲरीवर तर भर रस्त्यात चाकूचा वार झाला. अंगावर जाड कपडे होते म्हणून वाचली. कपडे आणि आवाज एवढ्याच कारणासाठी चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीवर हात उचलणारी माणसं होती, आणि तरी ती मुलगी दुसऱ्या दिवशी स्टेजवर जात होती.

हार्लेस्डन म्हणजे वायव्य लंडनचा ब्रेंट भाग. त्याच ब्रेंटमध्ये, त्याच मार्च महिन्यात, ग्रनविकच्या फोटो धुण्याच्या कारखान्याबाहेर जयाबेन देसाई आणि त्यांच्या सोबतिणी साड्या नेसून, वर कोट चढवून संपावर उभ्या होत्या. बहुतेक जणी पूर्व आफ्रिकेतून आलेल्या गुजराती. सक्तीचा ओव्हरटाइम आणि अपमान सहन न होऊन ऑगस्ट १९७६ मध्ये त्या बाहेर पडल्या होत्या. जवळजवळ दोन वर्षं संप चालला आणि शेवटी मागण्या न मिळताच थांबला. पण आशियाई बायका मुकाट्यानं राबतात, हा इथला समज मोडला तो मोडलाच. एका बाजूला कारखान्याचं फाटक, दुसऱ्या बाजूला स्टेज. दोन्हीकडे परमुलखातून आलेल्या किंवा परक्या ठरवलेल्या बायका आपला आवाज चढवत होत्या. म्हणून हा इतिहास मला गोऱ्यांचा वाटत नाही. तो आपल्या गल्लीतला आहे.

आणि पंकमधलं सगळंच मी पदरात घेत नाही. निव्वळ धक्का द्यायचा म्हणून काहींनी स्वस्तिकाची नाझी पट्टी दंडावर बांधली, त्यात गायिका सूझी सूही होती. ते चूकच होतं. इथल्या रस्त्यांवर तेव्हा नॅशनल फ्रंट या वंशद्वेषी पक्षाचे मोर्चे निघत होते. म्हणूनच ३० एप्रिल १९७८ ला व्हिक्टोरिया पार्कमध्ये वंशद्वेषाविरुद्ध जी प्रचंड सभा झाली, तिथे पॉली स्टायरीन गायला उभी राहिली, याला मी फार मानते. त्यानंतर चारच दिवसांनी, ४ मे ला, लंडनच्या त्याच पूर्व भागात, ईस्ट एंडमध्ये, अल्ताब अली या तरुण बांगलादेशी कामगाराचा खून झाला. काय हवेत ती मुलगी गात होती, ते यावरून कळेल.

तिला पुढे मानसिक आजारानं गाठलं. आधी निदानही चुकीचं झालं. बायपोलर आहे हे बऱ्याच वर्षांनी कळलं. १९७९ मध्ये बँड मोडला. आपण जन्माष्टमीला वॉटफर्डजवळच्या ज्या हरे कृष्ण मंदिरात, भक्तिवेदान्त मॅनरमध्ये, रांगा लावतो, तिथे १९८० च्या दशकात ती भक्त म्हणून राहत होती. लोरा लॉजिकही हरे कृष्ण पंथात आली. आपल्यातल्या कुणी तिथे प्रसाद घेताना पॉलीच्या शेजारी बसल्याही असतील. २०११ मध्ये स्तनाच्या कर्करोगानं पॉली गेली, त्रेपन्नाव्या वर्षी.

आता मुलींनो, हे तुमच्यासाठी. स्लिट्सना ऐकून जीना बर्चनं बास गिटार घेतली आणि पोर्तुगालच्या मदेइरा बेटावरून आलेल्या ॲना दा सिल्व्हाबरोबर 'द रेनकोट्स' काढला. १९९१ च्या सुमाराला अमेरिकेत 'बिकिनी किल' या पंक बँडची गायिका कॅथलीन हॅना कार्यक्रमात ओरडून सांगायची, मुलींनो, पुढे या! कारण स्टेजपुढची जागा धक्काबुक्की करणाऱ्या पुरुषांनी व्यापलेली असायची आणि मुली भिंतीला टेकून उभ्या राहायच्या. गाण्यांचे शब्द छापलेले कागद ती मुलींना वाटायची. २०१९ मध्ये त्याच बिकिनी किलच्या आधी वाजवायला लॉस एंजेलिसच्या चार मुली आल्या, 'द लिंडा लिंडाज'. कुणाची मुळं आशियातली, कुणाची लॅटिन अमेरिकेतली. त्यांच्या ड्रमरला वर्गातला एक मुलगा म्हणाला, बाबांनी सांगितलंय, चिनी लोकांपासून लांब राहा. ती जेमतेम नऊ-दहा वर्षांची होती. तिनं आणि बँडमधल्याच तिच्या मामेबहिणीनं त्यावर गाणं केलं आणि मे २०२१ मध्ये चौघींनी ते सार्वजनिक वाचनालयात, पुस्तकांच्या कपाटांमध्ये उभं राहून वाजवलं. जगभर पोहोचलं ते. शाळेत असं काही ऐकून घरी येऊन गप्प बसलेल्या मुली या सभागृहातही आहेत, हे मला माहीत आहे.

ऐकणारी उठते आणि वाजवायला लागते, तिला ऐकून आणखी एक उठते. हे पंकमध्ये जितकं सहज घडलं तितकं मी दुसऱ्या कुठल्या संगीतात पाहिलेलं नाही. आपल्याकडे मुलगी विशारदच्या वाटेला लागेपर्यंत गणेशोत्सवात तिला माइक मिळत नाही. गळा गोड नसेल तर तिच्या हाती निवेदनाचा कागद देतात. गाण्याचा क्लास सोडा असं मी म्हणत नाही, रियाजाचं सुख मोठं आहे. पण तयारी होईपर्यंत तोंड उघडायचं नाही, हा नियम मुलग्यांना कुणी लावत नाही.

तेव्हा कार्यकारिणीला माझी एक विनंती आहे. खालची छोटी खोली शनिवारी दुपारी रिकामीच असते. एक ड्रमसेट आणि दोन गिटार जुन्या बाजारात मिळतील, निम्मा खर्च मी उचलते. वयाची अट नको, आयांनाही येऊ द्या. चाचणी घ्यायची नाही. पुढच्या गणेशोत्सवात या मुलींना पंधरा मिनिटं द्या, आणि भाषा मराठी असो की इंग्रजी, शब्द त्यांचे त्यांना लिहू द्या. ज्यांना यायचंय त्यांनी चहाच्या वेळी माझ्याकडे नाव द्या.