एकमेकांची वाट पाहा: करिंथातला एक दिवस

जय ख्रिस्त. बसून घ्या सगळे. मागे पंख्याखाली दोन खुर्च्या रिकाम्या आहेत, ज्यांना उकडतंय त्यांनी तिकडे जा. मी थांबते तोवर.

मला विषय दिलाय तो असा: ग्रीसमधल्या पवित्र शास्त्रातल्या जागा, एका दिवसात, आपल्या वयाला झेपतील अशा. सकाळी किती वाजता निघायचं, कुठे बसायचं, काय सोडून द्यायचं, हे सगळं मी सांगणार आहे, कागदावर लिहून आणलंय. पण त्याच्या आधी एक हकीकत सांगावी लागेल. ती ऐकली नाही तर माझा कार्यक्रम बघून तुम्ही म्हणाल, एवढ्या लांब जायचं आणि एवढंच बघायचं?

प्रेषितांची कृत्ये, अध्याय १८, इथे कुणाला नव्याने सांगायला नको. पौल अथेनै, म्हणजे आजचं अथेन्स, सोडून करिंथास येतो. तिथे त्याला अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला भेटतात, क्लौद्य बादशहाने यहुद्यांना रोम सोडायला लावलं म्हणून आलेले. धंदा एकच, तंबू करायचा, म्हणून हा त्यांच्याच घरी राहतो आणि कामाला बसतो. आणि किती दिवस राहतो? दीड वर्ष. तेवढं दीड वर्ष मनात धरून ठेवा.

आम्ही दोघं पहिल्यांदा गेलो ते एका टूर कंपनीबरोबर. ३८ माणसं, बहुतेक साठीच्या पुढची. माहितीपत्रकावर छापलं होतं, ‘पौलाच्या पावलांवर पाऊल’. त्या ३८ जणांत एक मावशी होत्या, ७८ वर्षांच्या. ४० वर्षं संडे स्कूल घेतलेल्या. पेन्शनमधून थोडे थोडे पैसे बाजूला टाकून त्या आल्या होत्या. हातात काठी, आणि पिशवीत मराठी नवा करार, त्याचा पुठ्ठा निघालेला, रबर लावून धरलेला.

अथेन्सला सकाळी अरीयपगावर नेलं. तो उघडा खडक आहे, ॲक्रोपोलिसच्या शेजारी. हजारो वर्षं माणसांचे पाय लागून त्याचा दगड इतका गुळगुळीत झालाय की कोरड्या उन्हातसुद्धा बूट सटकतो. बाजूने लोखंडी जिना केलेला आहे, पण वर पोचल्यावर पुन्हा तोच खडक. आम्हाला २० मिनिटं दिली होती. मावशी अर्ध्यातून उतरल्या आणि खाली खडकात बसवलेल्या पितळी पाटीपाशी उभ्या राहिल्या. पाटीवर पौलाचं अरीयपगावरचं भाषण ग्रीकमध्ये आहे. त्यांना एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण त्या बोटाने ओळीवरून जात होत्या आणि तोंडाने मराठीतून सतरावा अध्याय म्हणत होत्या, ‘अज्ञात देवाला’ पासून पुढे. निम्मा होतोय तोच शिट्टी वाजली. हो, शिट्टी. शाळेच्या सहलीला वाजवतात तशी.

दुपारी करिंथ. बस थांबली, मार्गदर्शक झेंडी घेऊन खाली उतरला आणि म्हणाला, ४५ मिनिटं, मागे राहील त्याच्यासाठी कुणी थांबणार नाही. मावशींचे गुडघे सकाळच्या चढउताराने सुजले होते. त्या म्हणाल्या, तुम्ही जा, मी बसते. आणि आम्ही गेलो. मी गेले. ३४ वर्षं वॉर्डात काढलेली बाई मी, सुजलेला गुडघा डोळ्यांनी बघितला आणि झेंडीच्या मागे चालायला लागले. परत आलो तेव्हा मावशी खिडकीला गाल टेकून बसल्या होत्या. समोर दिसणाऱ्या डोंगराकडे बोट करून मला विचारलं, “करिंथ म्हणजे तो का गं?” तो अक्रोकरिंथ होता, शहराच्या मागचा ५७५ मीटरचा डोंगर. गाव त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर होतं आणि ते त्यांनी पाहिलं नाही.

मला अजून त्याचा राग येतो. कंपनीचा येतो, आणि त्याहून जास्त आम्हा ३७ जणांचा येतो. आपण सगळी विश्वासणारी माणसं. करिंथास लिहिलेली दोन्ही पत्रं आम्हाला पाठ. त्यातल्या पहिल्या पत्रात, अकराव्या अध्यायाच्या शेवटी, पौल काय लिहितो? भोजनाला एकत्र जमाल तेव्हा एकमेकांची वाट पाहा. हे त्याला लिहावं का लागलं? तर त्या मंडळीत ज्यांना सवड होती ते आधी येऊन जेवून मोकळे व्हायचे, आणि दिवसभर राबून येणाऱ्या गरिबाच्या वाट्याला काही उरायचं नाही. म्हणजे करिंथाचं दुखणं हेच होतं, जोरातले पुढे आणि बाकीचे मागे. आणि आम्ही त्याच करिंथात जाऊन तेच केलं.

पुढच्याच अध्यायात शरीराची गोष्ट येते. डोळा हाताला म्हणू शकत नाही की मला तुझी गरज नाही. शरीराचे जे अवयव अशक्त वाटतात तेच अधिक गरजेचे. आता मी नर्स म्हणून सांगते. ऑपरेशननंतर पेशंटला पहिल्यांदा उभं करतो ना, तेव्हा त्याच्या दुखऱ्या पायाच्या बाजूला आपण उभं राहायचं असतं. पाऊल आधी त्याने टाकायचं, मग आपण. नव्या मुली पुढे होऊन हात धरून ओढतात, त्यांना हे शिकवायला महिना लागतो. अशक्त पायाने वेग ठरवायचा, बाकी सगळ्या शरीराने तो पाळायचा. पौलाने हे १,९०० वर्षांहून आधी लिहून ठेवलंय आणि ते जिथे वाचायला पाठवलं ते गाव करिंथ. म्हणून मी म्हणते, त्या गावात तरी आपण हळू चाललं पाहिजे. गुडघे दुखतात म्हणून नाही. गुडघे धडधाकट असले तरी.

दोन वर्षांनी आम्ही दोघं पुन्हा गेलो, आणि मावशींना घेऊन गेलो. अथेन्सहून गाडी ठरवली, दिवसभरासाठी, फक्त करिंथ. आणखी काहीही नाही.

जुन्या करिंथच्या चौकाच्या मधोमध बेमा आहे. आपल्या शास्त्रात ‘न्यायासन’ शब्द आहे तो हा. यहुद्यांनी पौलाला धरून इथे रोमन सुभेदार गल्लियोसमोर उभं केलं. मावशी काठी टेकत समोर गेल्या, वर बघितलं, आणि मोठ्याने हसायला लागल्या. त्या म्हणाल्या, “अगं, ४० वर्षं मी मुलांना खुर्ची मांडून ही गोष्ट सांगितली! हा तर चौथरा आहे!” खरंच, चांगला उंच दगडी चौथरा आहे, निळसर आणि पांढऱ्या संगमरवराने मढवलेला होता, त्याचे तुकडे उरलेत. खाली उभ्या माणसाला मान वर करावी लागते. पौल बोलायला तोंड उघडणार तोच गल्लियो वरून म्हणतो, तुमच्या शास्त्राचे वाद तुम्हीच बघा, आणि सगळ्यांना घालवून देतो. ते ‘वरून’ म्हणणं मावशींना त्या दिवशी कळलं. आम्ही घडीचं स्टूल उघडून त्यांना बसवलं आणि त्यांनी अठरावा अध्याय पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. शिट्टी वाजवायला कुणी नव्हतं.

तिथेच एक पाटी आहे, ग्रीकमधून, दुसऱ्या पत्रातलं ४:१७. आमचं तात्कालिक हलकं संकट, ते वचन. मावशींनी त्याच्या आधीचं वचन आपणहून म्हटलं, बाहेरचा देह झिजत चाललाय पण आतलं माणूस रोज नवं होतंय ते. मी त्यांची नाडी धरावी तसा हात धरून बसले होते.

गल्लियोबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत, कारण पौलाच्या सगळ्या काळगणनेची खुंटी हा माणूस आहे. डेल्फीला एका शिलालेखाचे तुकडे मिळालेत, क्लौद्य बादशहाच्या पत्राचे. त्यात गल्लियोचं नाव अधिकारी म्हणून येतं, आणि बादशहाच्या पदव्यांवरून वर्ष काढता येतं. त्यावरून गल्लियो इ.स. ५१-५२ च्या सुमारास करिंथात होता हे ठरतं, आणि तिथून मागेपुढे मोजत पौलाच्या बाकीच्या फेऱ्यांची सालं लावतात. हा गल्लियो तत्त्वज्ञ सेनेकाचा सख्खा भाऊ. सेनेकाने एका पत्रात लिहिलंय की अखयात, म्हणजे करिंथच्याच प्रांतात, असताना भावाला ताप भरू लागला, तर तो लगेच जहाजावर चढला, म्हणाला हे दुखणं शरीराचं नाही, जागेचं आहे. असे पेशंट मी पुष्कळ पाहिले. हवापालट करा म्हटलं की अर्धे बरे होतात.

आणि संग्रहालय. ते साइटच्या आवारातच आहे, म्हणून वेगळी पायपीट नाही. आम्ही गेलो तेव्हा एक खोली उघडी मिळाली, तिच्यात मातीचे हात, पाय, कान, स्तन, सगळं खऱ्या मापाचं. करिंथात आरोग्याच्या देवाचं, ॲस्क्लेपिओसचं ठाणं होतं. ज्याचा जो अवयव बरा झाला त्याची मातीची प्रतिमा तो तिथे वाहायचा. वांद्र्याच्या मोतमाऊलीच्या जत्रेत मेणाचे हातपाय घेऊन उभे असलेले लोक तुम्ही पाहिलेत ना? अगदी तेच. पौलाने ते बघून अवयवांचा दाखला लिहिला असं काही जण सांगतात, मी तसं म्हणत नाही, कारण ते पौलाच्या कितीतरी शतकं आधीचे आहेत. पण मी एका पायासमोर बराच वेळ उभी राहिले. गुडघ्यापासून खालचा पाय, बोटं नीट घडवलेली, टाचेला तडा गेलेला. कुणाचा तरी पाय दुखत होता, आणि मग तो चालायला लागला.

सचिवांनी घड्याळ दाखवलंय. बरं, कागद काढते, भरभर घ्या लिहून.

महिना एप्रिल-मे नाहीतर ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टला नाही, त्या उन्हात आपल्या वयाने दगडांत उभं राहू नये. अथेन्सहून ८ ला निघायचं, साधारण ८० किलोमीटर, बराच रस्ता समुद्राच्या कडेने. पहिला थांबा करिंथच्या कालव्याचा, पण उंच पुलावरचा नाही, तिथे धक्काबुक्की असते. इस्थमियाच्या टोकाला एक ठेंगणा पूल आहे, जहाज आलं की तो पाण्याखाली बुडतो आणि जहाज गेलं की वर येतो. तिथे बसून चहा घ्यायचा. कालवा ६.३ किलोमीटर, खुला झाला १८९३ ला, पण पहिली कुदळ रोमन बादशहा नीरोने इ.स. ६७ मध्ये मारली. त्या खोदकामावर ६,००० यहुदी कैदी गालीलाहून पाठवले होते. त्याचा सेनापती वेस्पासियनने पाठवले, यहुदी इतिहासकार योसेफसने लिहून ठेवलंय. फोटो काढताना तेवढं आठवायचं. पौलाच्या काळी कालवा नव्हता, लहान जहाजं दगडी वाटेवरून ओढून पलीकडे नेत. दोन समुद्रांमधली ही चिंचोळी पट्टी, म्हणून इथे माल, पैसा, परगावचे लोक, म्हणून तंबूवाल्याला काम.

१० ला करिंथ. ऊन चढायच्या आत बेमा, अपोलोच्या देवळाचे ७ खांब, ते लांबून बघितले तरी चालतात. रोमनांनी इ.स.पू. १४६ ला शहर पाडलं तेव्हाही ते उभे होते, आणि सीझरने इ.स.पू. ४४ ला पुन्हा वसवलं तेव्हाही. जमीन खडीची आहे, काठीला नवीन रबरी बूच लावून या. ऊन तापलं की संग्रहालयात. यहुद्यांच्या सभास्थानाच्या दारावरचा कोरीव दगड बघायचा, तो पौलानंतरचा आहे, पण सभास्थान इथे होतं याची ती साक्ष. एरास्ताचं नाव असलेला दगड नाट्यगृहापाशी आहे, मुख्य आवाराबाहेर, अक्षरांच्या रिकाम्या खाचा राहिल्यात. रोमकरांस पत्राच्या शेवटी नगराचा खजिनदार एरास्त येतो तोच हा असं पुष्कळांना वाटतं. ज्याचे पाय म्हणतील त्याने जावं, बाकीचे थांबतील. जेवण बाहेर गावच्या चौकात, आणि जेवल्यावर तासभर कुणी हलायचं नाही.

औषधांचं ऐका, हे महत्त्वाचं. तिथलं घड्याळ त्या महिन्यांत आपल्यापेक्षा अडीच तास मागे असतं. इन्सुलिनवाल्यांनी, बीपीवाल्यांनी वेळा कशा बदलायच्या ते निघायच्या आधी डॉक्टरांकडून कागदावर लिहून आणायचं.

चारच्या सुमाराला किंख्रिया, करिंथचं जुनं बंदर. बंदराचे पाये आता अर्धे पाण्यात आहेत. पौलाने नवस होता म्हणून इथे डोक्याचे केस कापून घेतले आणि जहाजावर चढला. फिबी इथल्या मंडळीची सेविका, रोमकरांस लिहिलेलं पत्र तिनेच नेलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. मावशी इथे चपला काढून घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या राहिल्या होत्या, मी एका बाजूला, आमचे हे दुसऱ्या बाजूला, आणि बुडालेली भिंत पायांना लागत होती.

अक्रोकरिंथ नाही. त्याच दिवशी मायसिनीचे प्राचीन अवशेष नाहीत. अरीयपग दुसऱ्या दिवशी, खालून, पाटीपाशी. आणि रांगेत सगळ्यांत हळू चालणारा सगळ्यांत पुढे, बाकीचे त्याच्या मागे.

ऑक्टोबरला जायचं मनात आहे, १२ जणांत. वही दाराशी ठेवलीय. नावापुढे एक रकाना जास्त आखलाय, न थांबता किती मिनिटं चालता येतं त्याचा. ५ असेल तर ५ लिहा. गाडी त्यावरूनच ठरवायची आहे.