टूलटिप बोलावल्यावर यावी

रात्री इंदूरच्या सराफ्यातून, म्हणजे तिथल्या खाऊबाजारातून, निघालं की दर चार पावलांवर कुणीतरी आवाज देतं. तुम्ही निघालेले असता भुट्ट्याचा कीस खायला, आणि वाटेत दहा जणांना मान हलवून नको म्हणावं लागतं. कोड लिहायच्या एडिटरमध्ये माउस शब्दावर थांबला की माहितीची छोटी चौकट उघडते, ती टूलटिप. ती नीट बसवलेली नसली की कोड वाचताना तेच होतं. माउस कुठेतरी टेकवून तुम्ही वाचत असता, चौकट उघडते आणि नेमकी हवी ती ओळ झाकते. वैतागून बरेच जण ती कायमची बंद करून टाकतात. एवढं टोक गाठायची गरज नसते, बहुधा एका आकड्यात काम होतं.

व्हीएस कोड या एडिटरपासून सुरुवात करू, कारण इथे बसलेल्यांपैकी बहुतेकांकडे तोच असणार. कंट्रोल आणि स्वल्पविराम एकत्र दाबा, म्हणजे सेटिंग्ज उघडतील. शोधपट्टीत एडिटर.हॉवर लिहा, अर्थात रोमन लिपीत आणि मधल्या टिंबासकट. त्यातलं एडिटर.हॉवर.डिले मुळात ३०० असतं. हे मिलिसेकंद आहेत. नजर एका ओळीवर ठरायच्या आत चौकट हजर होते, ती यामुळे. १००० ते १२०० करून बघा. सेकंद समजून कुणी १ लिहिला, तर चौकट ताबडतोब उघडायला लागते आणि त्रास दुप्पट होतो.

वेळ वाढवला म्हणून घाईच्या वेळी अडत नाही. कर्सर शब्दावर ठेवून कंट्रोल-के आणि पाठोपाठ कंट्रोल-आय दाबा, की चौकट तिथल्या तिथे उघडते. तीच जोडी पुन्हा दाबली की कीबोर्डचा ताबा चौकटीकडे जातो, मग बाणांच्या कळांनी आतला लांब मजकूर सरकवता येतो. एस्केप दाबली की बंद. ही सवय एकदा लागली, की माउसच्या टूलटिपची आठवणही फारशी येत नाही.

आता एक नेहमीची तक्रार: ‘चौकटीतली लिंक दाबायला जातो, तोवर ती पळते.’ तिथे आधी एडिटर.हॉवर.स्टिकी चालू आहे का ते बघा. ते बंद असेल तर माउस शब्दावरून हलला की चौकट गेलीच. चालू असेल तर माउस चौकटीच्या आत नेता येतो, आणि शब्दापासून चौकटीपर्यंत पोचायला किती मुभा मिळते ते एडिटर.हॉवर.हायडिंगडिले ठरवतं. तेही मुळात ३००. ट्रॅकपॅडवर बोट हळू सरकतं, तिथे ६०० करा. वरची ओळ झाकली जात असेल तर एडिटर.हॉवर.अबव्ह बंद करा, चौकट शब्दाच्या खाली उघडेल. मग अर्थात खालची ओळ झाकली जाईल. यातलं कमी त्रासाचं कोणतं, ते ज्याचं त्याने ठरवावं.

सगळं बदलूनही काहीच फरक पडत नसेल, तर प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये डॉट-व्हीएसकोड नावाचं फोल्डर आहे का बघा. त्यातल्या सेटिंग्ज तुमच्या सेटिंग्जच्या वर बसतात. दुसरा घोटाळा असा, की टॅबवर किंवा बाजूच्या चिन्हांवर येणारी टूलटिप निराळी असते. तिचा वेळ वर्कबेंच.हॉवर.डिलेमध्ये आहे, एडिटरचा आकडा बदलून ती हलणार नाही. आणि चौकट उघडते पण मजकूर रेंगाळत येतो, तेव्हा या आकड्यांना दोष देऊ नका. मजकूर त्या भाषेच्या सर्व्हरकडून, म्हणजे कोड समजून घेणाऱ्या वेगळ्या प्रोग्रामकडून, येतो. तो प्रोजेक्ट वाचण्यात गुंतलेला असला की उत्तरही उशिराच मिळणार.

विम हा दुसरा एडिटर वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात. तिथे ही सोय बलूनइव्हॅल नावाने आहे आणि मुळात बंद असते. बलूनडिले ६०० मिलिसेकंद. काय दाखवायचं ते तुमचं फंक्शन ठरवतं, आणि ते बलूनएक्स्प्रमध्ये नेमून द्यायचं. माउसखालचा शब्द त्याला तयार मिळतो. मात्र त्या फंक्शनमधून मजकूर बदलायला किंवा दुसऱ्या खिडकीत उडी मारायला विम परवानगी देत नाही.

तिसरा एडिटर ईमॅक्स, त्याचं माप सेकंदांत आहे. टूलटिप-डिले ०.७, म्हणजे पाऊण सेकंदाच्या आतबाहेर, आणि टूलटिप-हाइड-डिले १०. विमची सवय असलेला माणूस तिथे ६०० लिहितो आणि मग टूलटिप बिघडली म्हणून शोधत बसतो. ती बिघडलेली नसते, दहा मिनिटांनी येणार असते. चौकटच नको असेल तर टूलटिप-मोड बंद करा, तोच मजकूर खिडकीच्या तळाच्या ओळीत, म्हणजे एको एरियात, दिसतो. रंग किंवा फॉन्ट बदलूनही काही होत नसेल, तर लिनक्सवर जीटीके, म्हणजे खिडक्या-बटणं काढणारी लायब्ररी, स्वतःची टूलटिप काढत असते आणि ईमॅक्सचा टूलटिप फेस, म्हणजे रंग-फॉन्टची ठेवण, तिथपर्यंत पोचतच नाही. जीटीकेची टूलटिप वापरायची की नाही ते ठरवणाऱ्या पर्यायाचं नाव २९व्या आवृत्तीपासून यूज-सिस्टिम-टूलटिप्स आहे. त्याला निल, म्हणजे ‘नाही’, द्या, मग फेसमधले रंग दिसू लागतात.