भरल्या घरातली उपासमार

(शहापूर, बेळगाव. सकाळ. शेजारच्या घरातून यंत्रमागाचा खडखडाट.)

उंबऱ्यात बसलेल्या आजींचा नाश्ता होऊन अर्धा तास झाला. तरी सुनेला त्या तिसऱ्यांदा सांगतायत, "मला कुणी काही खायलाच दिलं नाही."

"आत्या, आत्ताच उप्पीट खाल्लं की तुम्ही!" सून रिकामी ताटली दाखवते. आजी ताटलीकडे बघतात, पण ती आपली आहे हे त्यांना पटत नाही.

सगळे म्हणतात, आजी विसरल्या. खरंच आहे ते. पण अल्झायमरमध्ये, म्हणजे स्मरणशक्ती हळूहळू खाणाऱ्या मेंदूच्या आजारात, या विसरण्याच्या कितीतरी वर्षं आधी मेंदूत एक उपासमार सुरू झालेली असते, आणि तिचा पत्ता घरात कुणालाच नसतो.

(माग. धोटा इकडून तिकडे.)

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के. पण आपण स्वस्थ बसलो असताना शरीर जेवढी ऊर्जा जाळतं, त्यातली जवळपास २० टक्के तो एकटा खातो. मुख्य खाणं ग्लुकोज, आणि साठवणीला जागा जवळजवळ नाहीच. रक्तातून सतत पुरवठा हवा. बाण्याचं सूत संपलं की धोटा रिकामाच धावतो, तसंच.

रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये पेशींची एक घट्ट भिंत असते. तिच्यात ग्लुकोज आत घेणारी प्रथिनं असतात, दारंच म्हणा. अल्झायमरच्या मेंदूत ही दारं कमी झालेली दिसतात. आत गेलेल्या साखरेतून ऊर्जा काढणाऱ्या मायटोकॉन्ड्रिया मंदावतात. इन्शुलिन निरोप देतं, पेशी तो नीट ऐकत नाहीत. शिवाय पेशींमधले जोड तुटत गेले की मागणीही घटते. आधी काय आणि नंतर काय, यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून मिटलेला नाही.

ही उपासमार बघता मात्र येते. ग्लुकोजसारख्याच एका रेणूला किरणोत्सारी फ्लोरीन-१८ जोडतात आणि शिरेतून देतात. पेशी त्याला साखर समजून आत घेते, पण पुढे पचवू शकत नाही. तो तिथंच अडकतो आणि पेट (PET) स्कॅनमध्ये, म्हणजे त्याचा किरणोत्सार टिपून काढलेल्या मेंदूच्या चित्रात, उजळतो. हे फ्लोरीन साधारण ११० मिनिटांत निम्मं होतं, म्हणून सगळा खेळ घाईचा. निरोगी मेंदू स्कॅनमध्ये दिवाळीसारखा दिसतो. अल्झायमरमध्ये कानशिलाच्या आतला आणि त्याच्या वरचा, मागचा भाग अंधारलेला असतो.

(बाजारपेठ. मिठाईच्या दुकानात कुंद्याचे डबे.)

इथं एक गैरसमज होतो. मेंदूला साखर कमी पडते ना, मग आजींना रोज कुंदा द्या! तसं नाही. रक्तात साखर भरपूर असते. अडचण ती आत घेण्याची आणि जाळण्याची आहे. उलट टाइप २ मधुमेह असलेल्यांना डिमेन्शियाचा, म्हणजे अल्झायमरसारख्या स्मृती आणि विचारशक्ती ढासळवणाऱ्या आजारांचा, धोका जास्त. यावरून काहीजण अल्झायमरला सरसकट "टाइप ३ डायबेटिस" म्हणून मोकळे होतात. नाव चटकदार आहे, पण वैद्यकशास्त्रानं ते निदान म्हणून स्वीकारलेलं नाही. घरातल्या ग्लुकोमीटरवर दिसतो तो रक्ताचा आकडा, मेंदूचा नव्हे.

रक्त मात्र दुसरं बरंच काही सांगतं. १९०६ साली आलोइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांना हा आजार पाहायला मेलेल्या रुग्णाच्या मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावे लागले होते. आज पी-टाऊ २१७ नावाचं प्रथिन रक्ताच्या नमुन्यात मोजून मेंदूत अमायलॉइड, म्हणजे या आजारात गुठळ्या होऊन साचणारं प्रथिन, साचतंय का, याचा बऱ्यापैकी अंदाज घेता येतो.

(गल्ली. एक शेजारीण कन्नडमध्ये हाक मारते, आजी कन्नडमध्येच उत्तर देतात.)

आता थोडं आडवळण, कारण ते आपल्या सीमाभागाचं आहे. इटलीच्या उत्तरेला, ऑस्ट्रियाला लागून, दक्षिण टिरोल हा भाग आहे. लोक जर्मनही बोलतात, इटालियनही. २०१७ साली इटलीतल्या संशोधकांनी अल्झायमरच्या ८५ रुग्णांचे पेट स्कॅन तपासले. जर्मन-इटालियन अशा दोन्ही भाषा बोलणाऱ्यांच्या मेंदूत ग्लुकोजचा वापर जास्त घटलेला होता. वयानंही ते सरासरी ५ वर्षं मोठे. तरीही स्मरणाच्या काही चाचण्यांत एकभाषिकांपेक्षा सरस! म्हणजे इंधन कमी, पण मेंदूच्या उरलेल्या वाटा एकमेकींना सांभाळून घेत होत्या. हैदराबादच्या ६४८ रुग्णांच्या अभ्यासात, २०१३ साली, दोन भाषा बोलणाऱ्यांमध्ये डिमेन्शियाची लक्षणं साडेचार वर्षं उशिरा दिसली होती. शाळेत न गेलेल्यांमध्येसुद्धा फरक होता.

पण लगेच हुरळून जाऊ नका. सगळे अभ्यास इतके ठळक नाहीत, आणि दुसरी भाषा म्हणजे लस नव्हे. तरी पाट्या कुठल्या भाषेत लावायच्या यावर पिढ्यान्‌पिढ्या भांडलेल्या बेळगावात, दोन्ही भाषांत घासाघीस करत सूत खरेदी केलेल्या आजींकडे बघताना मला गंमत वाटते.

(दुपार. तोच उंबरा.)

शेजारीण पुन्हा येते. आजी विचारतात, "ऊटा आयतेनरी?" जेवलात का? ती हसून मान हलवते. आजी आत वळून सुनेला मराठीत सांगतात, "तिला वाढ गं काहीतरी. आणि मलाही. सकाळपासून उपाशी आहे मी."

सून काही बोलत नाही. आजींच्या हातावर केळं सोलून ठेवते आणि त्यांच्याशेजारी बसते.