पाव राखणारा आणि पीठ मळणारी

इसवी सन 600 च्या सुमारास इंग्लंडच्या आग्नेय टोकाला असलेल्या केंट राज्यावर एथेलबर्ट राजाची सत्ता होती. त्याने केलेले कायदे हे इंग्रजी भाषेत लिहिलेले, आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने कायदे आहेत, आणि बाराव्या शतकात रॉचेस्टर येथे तयार झालेल्या एकाच हस्तलिखितामुळे ते आपल्यापर्यंत पोहोचले आहेत. त्यांतले एक कलम सांगते की, एखाद्या सामान्य शेतकऱ्याच्या ‘ह्लाफएटा’ला कोणी ठार मारले, तर मारणाऱ्याने सहा शिलिंगांची भरपाई द्यावी. ‘ह्लाफएटा’ म्हणजे शब्दशः ‘पाव खाणारा’, अर्थात दुसऱ्याच्या घरचे अन्न खाऊन त्याच्या आश्रयाने राहणारा चाकर.

जो खाऊ घालतो, त्याला काय म्हणत? ‘ह्लाफवेअर्ड’. यातला ‘ह्लाफ’ म्हणजे पाव. आजचा ‘लोफ’ तो हाच. ‘वेअर्ड’ म्हणजे राखणदार, आणि तो ‘वॉर्डन’ या शब्दाच्या नात्यातला आहे. हा जोडशब्द बोलता बोलता ‘ह्लाफोर्ड’ झाला, पुढे त्याचा आरंभीचा हकार गेला, मधला फकार वकारात मिसळून नाहीसा झाला, आणि उरला तो ‘लॉर्ड’. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, असे म्हणणाऱ्या आपल्या समाजाला हे नाते समजावून सांगण्याची गरज नाही. ‘पोशिंदा’ हा आपला शब्दही नेमके हेच सांगतो. पुढे इंग्रजांबरोबर हा शब्द हिंदुस्थानात आला, तेव्हा लोकांच्या तोंडी त्याचा ‘लाट’ झाला आणि बडा साहेब ‘लाटसाहेब’ ठरला. त्या रुबाबात पावाचा वास मात्र कुणाला आला नसावा.

मला या जोडीतला दुसरा शब्द अधिक मोलाचा वाटतो. ‘लेडी’चे जुने रूप ‘ह्लॅफडिये’ असे होते. त्याच्या उत्तरार्धाचा अर्थ बहुतेक भाषाभ्यासक ‘मळणारी’ असा लावतात आणि त्याचा संबंध भिजवलेल्या कणकेला इंग्रजीत जो ‘डो’ म्हणतात, त्या शब्दाशी जोडतात. या शब्दकुळाचे मूळ फार प्राचीन आहे. माती किंवा पीठ मळणे, थापणे, लिंपणे असा अर्थ असलेल्या त्याच मुळातून संस्कृतातला ‘दिह्’ म्हणजे लेपणे हा धातू आला आणि त्या धातूपासून आपला ‘देह’ हा शब्द घडला. कणीक, भिंत आणि शरीर यांना एकाच हाताने आकार द्यावा, तशी ही व्युत्पत्ती आहे.

मळणारीचा हा शब्द मोठ्या अधिकाराचा होऊ शकला, याचा पुरावा दहाव्या शतकात सापडतो. आल्फ्रेड राजाची मुलगी एथेलफ्लेड हिने 911 मध्ये पती निवर्तल्यावर मध्य इंग्लंडमधील मर्सिया राज्याचा कारभार स्वतः चालवला, तटबंदीची गावे उभारली आणि 917 मध्ये व्हायकिंगांकडून डर्बी जिंकून घेतले. जून 918 मध्ये टॅमवर्थ येथे तिचे निधन झाले. त्या काळच्या इंग्रजी इतिवृत्तात तिला दिलेली पदवी आहे ‘मर्सियाची ह्लॅफडिये’.