गंजाखालचा रंधा

(दृश्य: जुन्या लोखंडी सामानाच्या ढिगातून एक हात तांबूस पडलेला रंधा उचलतो.)

गंज बघून याला परत ढिगात टाकू नका. गंज बहुतेक वेळा वरवरचा असतो. आधी रंधा उलटा करा आणि तळातली फट बघा, पातं जिथून डोकावतं ती. तिच्या कोपऱ्यातून केसासारखी रेघ निघालेली दिसली, तर बीड, म्हणजे ओतीव लोखंड, तडकलंय. ती तड घरी सांधता येत नाही, म्हणून असा रंधा कितीही देखणा असला तरी मी घेत नाही.

मग पातं काढून त्याची सपाट पाठ बघायची. धारेलगत गंजाने खोल खड्डे पाडले असतील, तर दगडावर कितीही घासा, प्रत्येक खड्डा धारेत खाच होऊन उतरणार. बाकी सगळ्याला उपाय आहे.

(दृश्य: रंधा सुटा होतो. भाग एकेक करून कापडावर.)

या घडणीच्या मुळाशी लिओनार्ड बेली या अमेरिकी कारागिराची पेटंटं आहेत. १८६९ मध्ये ती स्टॅनली या हत्यारं बनवणाऱ्या कंपनीकडे गेली आणि ही घडण जगभर पसरली. पातं ४५ अंशांत टेकलेलं, आणि मागचं पितळी चाक फिरवलं की खाली-वर होणारं. पातं डावी-उजवीकडे कलवायची पट्टी साधारण १८८५ पासून आली. ती नसलेला स्टॅनली हाती लागला, तर तो त्याहूनही जुना असू शकतो.

(दृश्य: काचेच्या भांड्यात पांढरं व्हिनेगर, त्यात बुडालेलं पातं.)

पात्याला व्हिनेगरमध्ये एक रात्र पुरते. जास्त ठेवू नका, गंज संपला की ते पोलादालाच खायला लागतं. सकाळी ब्रशने घासायचं, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवायचं, लगेच कोरडं करून तेलाचा हात फिरवायचा. उघडं पडलेलं पोलाद बघता बघता पुन्हा तांबूस होतं. जुना रंग मात्र कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं.

मुठीला जवसाचं तेल. त्या तेलाच्या चिंध्या कधीच गोळा करून टाकू नका, आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवा.

(दृश्य: फिरता दगड, ठिणग्या. निवेदकाचा हात थांबतो.)

माझं पहिलं पातं मी इथेच घालवलं. घाई केली, दाब दिला, आणि धारेवर निळी झाक आली. साधारण ३०० अंश सेल्सिअसला पोलाद असं निळं पडतं आणि तेवढ्या भागाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं. मऊ झालेली ती कड घासून टाकण्यावाचून मार्ग नव्हता. बोटभर पोलाद गेलं, कुणीतरी जपून वापरलेलं. त्याचं मला अजून वाईट वाटतं. आता मी हाताने, सपाट दगडावर, पाणी शिंपडत धार लावतो. उतार २५ अंशांचा, शेवटची बारीक कड ३० ची. पाठीमागे बोटाला खरखर लागली, की धार पोचली.

(दृश्य: पात्याच्या धारेवर काटकोन तपासायचा गुण्या. दोन्ही टोकांशी उजेडाची बारीक फट.)

या रंध्याची धार सरळ नव्हती. मध्ये किंचित पुढे, दोन्ही कोपऱ्यांना मागे. वापरून वाकडी झाली असेल, असं समजून ती सरळ करायला मी दगड ओला केला. पण गोलाई दोन्हीकडे अगदी सारखी होती. झीज अशी सारखी होत नाही. कुणीतरी मुद्दाम, दर वेळी दोन्ही कोपऱ्यांवर जरा जास्त दाब देऊन ती घडवली होती.

मी ती तशीच ठेवली. मुठीवर कोरलेली दोन अक्षरंही तशीच ठेवली, तिथे पॉलिश कागद फिरवला नाही.

(दृश्य: फळीवरून रंधा सरकतो. फक्त आवाज.)

पहिला पापुद्रा निघाला तो मध्ये दाट आणि कडांकडे विरत गेलेला. शेजारून दुसरा काढला, मग तिसरा. फळीवरून तळवा आडवा फिरवला. दोन फेऱ्यांच्या मध्ये पात्याच्या कोपऱ्याची एकही रेघ उमटली नव्हती.