मुक्या फिर्यादींचा वकील

(दृश्य : जुनं न्यूयॉर्क. दगडी रस्ता, घोड्यांच्या ट्राम, मालगाड्यांची दाटी.)

१८६६ सालचं न्यूयॉर्क घोड्यांच्या जिवावर चालत होतं. कोळसा घोडे ओढायचे, बर्फाच्या लाद्या घोडे ओढायचे, माणसांनी खच्चून भरलेल्या ट्रामही घोडेच ओढायचे. दमलेलं जनावर रस्त्यात बसलं की चाबूक निघायचा. जनावरांना छळू नये असा एक जुना कायदा राज्यात होता. पण मार खाणारा घोडा फिर्याद द्यायला जात नाही, आणि त्याच्या वतीनं कोर्टाची पायरी चढायला माणूस नव्हता.

तो माणूस वयाच्या बावन्नाव्या वर्षी पुढं आला. हेन्री बर्ग. जहाजं बांधणाऱ्या श्रीमंत बापाचा मुलगा. कॉलेज अर्धवट सोडलेलं, वकिलीची सनद नाही. १८६३ साली राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी त्यांना रशियात सेंट पीटर्सबर्गच्या वकिलातीत सचिव म्हणून पाठवलं. तिथं घोड्याला बडवणाऱ्या एका गाडीवानाला त्यांनी हटकलं. परदेशी अधिकाऱ्याचा रुबाब बघून तो थांबला. अंगावरच्या अधिकाराच्या खुणेचा असाही उपयोग होतो, हे बर्ग यांनी तिथं पाहिलं. मायदेशी परतताना ते लंडनला उतरले, तिथली प्राणिरक्षक संस्था कशी चालते ते त्यांनी समजून घेतलं.

(दृश्य : संस्थेची सनद, शेजारी छातीवरचा बिल्ला.)

१० एप्रिल १८६६ रोजी प्राण्यांचा छळ थांबवण्यासाठी त्यांनी काढलेल्या संस्थेला राज्याची सनद, म्हणजे अधिकृत मान्यता, मिळाली. नऊ दिवसांनी प्राण्यांच्या छळाविरुद्धचा नवा कायदा मंजूर झाला. खरी करामत त्या कायद्याच्या अंमलबजावणीत होती. संस्थेच्या माणसांना गुन्हेगाराला पकडायचा अधिकार मिळाला. पुढं राज्याच्या महाधिवक्त्यांनी आणि शहराच्या सरकारी वकिलांनी प्राण्यांच्या खटल्यांत आपल्या वतीनं उभं राहायची मुभा बर्ग यांना दिली. वकिलीची सनद नसलेला हा माणूस सरकारी वकील झाला, आणि मरेपर्यंत एक पैसाही पगार न घेता ते काम करत राहिला.

दया वाटणारी माणसं त्या शहरात तेव्हाही पुष्कळ असतील. बर्ग यांचं मोठेपण मला दिसतं ते त्यांच्या चिकाटीत. रस्त्यावर दिसलं ते कोर्टात न्यायचं, हरलं तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा न्यायचं.

(दृश्य : जहाजाचा डेक.)

कासवांचा खटला बघा. १८६६च्याच मे महिन्यात फ्लोरिडाहून एक जहाज आलं. डेकवर जिवंत समुद्री कासवं रचलेली, सूपासाठी. ती हलू नयेत म्हणून उताणी टाकलेली. वल्ह्यासारख्या पायांना भोकं पाडून त्यांतून दोऱ्या ओवलेल्या. त्याच अवस्थेत त्यांचा सगळा प्रवास झाला होता. बर्ग यांनी कप्तानाला आणि खलाशांना पकडून कोर्टात उभं केलं. बचाव असा, की कासव हा कायद्याच्या अर्थानं प्राणीच नव्हे. लुई अगासीसारख्या नामवंत निसर्गशास्त्रज्ञानं बर्ग यांची बाजू घेतली. तरीही आरोपी सुटले. वर्तमानपत्रांनी बर्ग यांची यथेच्छ टर उडवली. पण त्या टिंगलीमुळं शहरातल्या घराघरांत कळलं, की जनावराला छळलं तर आता कोर्टात जावं लागतं.

पुढच्याच वर्षी कायद्याची नवी कलमं आली. घोडा, गाय, मेंढी अशी यादी करण्याऐवजी त्यांत 'कोणताही सजीव' असं लिहिलं गेलं. कुत्र्यांच्या आणि कोंबड्यांच्या झुंजींवरही बंदी आली. १८७० साली वॉटर स्ट्रीटवरच्या किट बर्न्सच्या झुंजींच्या बदनाम अड्ड्यावर याच बंदीच्या जोरावर धाड पडली.

(दृश्य : बर्फाळ रस्ता, खोळंबलेली ट्राम.)

उंच, सडपातळ बांधा, लोंबत्या मिशा, डोक्यावर उंच हॅट. ही आकृती रस्त्याच्या मधोमध येऊन उभी राहिली, की ट्रामवाल्याला कळायचं. घोड्यांना ओढवत नसेल तर बर्ग भर बर्फात उतारूंना खाली उतरवत. लोक चिडत, शिव्या देत. १८७२ साली घोड्यांमध्ये तापाची साथ आली, तेव्हा आजारी घोडे जुंपू नयेत म्हणून त्यांनी ट्राम कंपन्यांशी वैर घेतलं. जखमी घोड्यांना उचलून नेणारी रुग्णवाहिका त्यांच्या संस्थेनं १८६७ सालीच सुरू केली होती.

त्यांचं सगळंच पटतं असं नाही. देवीच्या लसीला त्यांनी विरोध केला, तो चुकीचाच होता.

(दृश्य : कोर्टाची खोली, १८७४.)

एप्रिल १८७४. एटा व्हीलर या समाजसेविका बर्ग यांच्याकडं आल्या. दहा वर्षांची मेरी एलन नावाची मुलगी सांभाळ करणाऱ्या बाईच्या हातून रोज मार खात होती, आणि कुठलीच यंत्रणा हात घालायला तयार नव्हती. बर्ग यांनी संस्थेचे वकील एल्ब्रिज गेरी यांना कामाला लावलं. मुलीला कोर्टात आणलं तेव्हा तिच्या अंगाभोवती घोंगडी होती आणि चेहऱ्यावर कात्रीची जखम. या खटल्याची एक दंतकथा आजही फिरते, की मूलही एक प्राणीच आहे असं सांगून तिला सोडवलं. तसं घडलं नाही. गेरींनी माणसांच्याच कायद्यातला, बेकायदा कोंडून ठेवलेल्याला कोर्टापुढं हजर करायचा मार्ग वापरला, आणि आपण इथं एक नागरिक म्हणून आलो आहोत, असं बर्ग यांनी स्पष्ट केलं. त्या बाईला एक वर्षाची कैद झाली. या खटल्यातून मुलांच्या संरक्षणासाठी न्यूयॉर्कमध्ये स्वतंत्र संस्था उभी राहिली. मेरी एलन मोठी झाली, तिनं संसार केला, मुली वाढवल्या आणि १९५६ साली वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी ती गेली.

१२ मार्च १८८८ रोजी बर्ग वारले. तोवर अमेरिकेच्या ३८ पैकी ३७ राज्यांत प्राणिरक्षणाचे कायदे झाले होते. त्यांच्या संस्थेचे बिल्लाधारी अधिकारी २०१३ अखेरपर्यंत न्यूयॉर्कमध्ये गुन्हे तपासत होते, आरोपी पकडत होते. २०१४पासून हे काम शहराच्या पोलिसांकडं आलं, आणि सोडवलेल्या जनावरांचे उपचार व कोर्टासाठी लागणारे वैद्यकीय पुरावे ही बाजू संस्थेनं आपल्याकडं ठेवली.